ओल्याबरोबर सुकेही!

मुंबईच्या हवेत धूर असह्य झाला, तेव्हा तो कोणकोणत्या धुराड्यांतून निघतो याचा झाडा घेणे प्राप्तच होते. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या याचिकेत आदेश दिला, की लाकूड व कोळसा जाळणाऱ्या शहरातील बेकऱ्या आणि खाद्यगृहे यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. ती मुदत त्याच वर्षीच्या जुलैत सरली. या काळात पावाचा भाव वाढेल काय, भट्टीतल्या पावाची चव गॅसवर उतरेल काय, यांवर पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु त्या भट्टीत जे लाकूड जळत होते ते विकणारा जो वखारवाला, त्याची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जणू लाकूड झाडावरून उतरून आपल्या पायांनी भट्टीपर्यंत चालत येत होते!

आदेशाच्या हेतूविषयी आमचा वाद नाही. दाट वस्तीच्या गल्लीत, मुलाबाळांच्या नाकाशी धुराडे सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. परंतु धूर लाकडाचा किती आणि लाकडातल्या पाण्याचा किती, हा प्रश्न विचारल्यावाचून या धंद्याविषयी बोलणे व्यर्थ आहे. आणि तो प्रश्न आपल्याकडे ना कायदा विचारतो, ना गिऱ्हाईक.

वखारीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांची समजूत अशी असते, की लाकूड आणावे, फोडावे आणि तोलून द्यावे. यात बिघडायचे काय? बिघडते ते तोलण्यातच. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते वाळून पंचमांशावर आले म्हणजे लाकूड जळण्याजोगे झाले असे समजावे. आता एक साधा हिशेब मांडू. शेकडा ४५ भाग पाणी असलेले १,००० किलो लाकूड वखारीत उतरले. त्यात खरा काष्ठांश ५५० किलो. पाणी शेकडा २० वर येईपर्यंत ते वाळवले, तर काट्यावर उरते सुमारे ६८७ किलो. तीनशेहून अधिक किलो माल चोरी न होता, वाळवी न लागता, हवेत उडून गेला! समजा, खरेदीचा भाव किलोला ६ रुपये होता. तर विक्रीच्या वेळी तोच माल पावणेनऊला पडलेला असतो. फोडणावळ, हमाली, जागेचे भाडे आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज हे सर्व त्यावर. शेजारचा वखारवाला मात्र ट्रकमधून उतरलेले ओले लाकूड दुसऱ्याच दिवशी ८ रुपयांनी विकून मोकळा होतो आणि किलोमागे २ रुपये पाण्याचे कमावतो. गवळ्याने दुधात पाणी घातले तर आपण त्याला चोर म्हणतो. लाकडातले पाणी निसर्गाने घातलेले असल्याने त्याला कोणी नाव ठेवीत नाही, इतकेच.

गिऱ्हाइकाने भाव पाहावा आणि जेथे स्वस्त तेथे जावे, हे स्वाभाविक आहे. पण येथे त्याची शुद्ध फसगत होते. ओल्या लाकडाच्या उष्णतेपैकी बराच वाटा त्याच्याच अंगातले पाणी उकळण्यात जातो. वर दिलेल्या मापाचे ओले लाकूड त्याच वजनाच्या सुक्याच्या जेमतेम दोनतृतीयांश उष्णता देते. म्हणजे ८ रुपयांनी ओले घेण्यापेक्षा ११ रुपयांनी सुके घेणारा फायद्यात राहतो, आणि धूर कमी होतो तो वेगळाच. पण हे दिसावे कसे? ओले आणि सुके यांना एकच काटा, एकच भाव आणि पावतीवर एकच शब्द: जळाऊ लाकूड.

जुन्या पुण्या-मुंबईत हा फरक घरातल्या बाईला कळत असे. बंबफोड घेताना ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहील. खणखण आवाज आला तर सुकी, बद्द वाजली तर परत. टोकाला चिरा पडल्या आहेत काय, साल सुटते काय, हे पाहण्यास तिला कोणा निरीक्षकाची गरज नव्हती. बंब गेले, वाड्यांच्या व चाळींच्या चुली गेल्या, आणि ही पारखही गेली. आपल्या स्वयंपाकघरातून सरपण गेले म्हणजे ते देशातून गेले असे मात्र आपण समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशातील शेकडा ४९ कुटुंबे लाकडावरच रांधीत होती. त्यानंतर २०१६ पासून उज्ज्वला योजनेने घरोघर सिलिंडर पोहोचवले. पण सिलिंडर आला त्या प्रत्येक घरी चूल कायमची विझली, असे कोण म्हणेल?

सरकारला हा धंदा अपरिचित आहे असे नव्हे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण आणले; राज्याने १९६४ मध्ये झाडतोडीच्या नियमनाचा कायदा केला. शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड दलाल उभ्याउभ्या नजरेने ठरवतो, तेव्हापासून तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, नाक्यावरची तपासणी असा कागदांचा प्रवास सुरू होतो. सुबाभूळ, निलगिरी अशा काही जातींना पासातून सूट आहे; पण फांद्या तोडून ट्रकमध्ये रचलेला ओंडका कोणत्या झाडाचा, हे नाक्यावर रात्री दोन वाजता पटवून देणे सोपे नसते. हे निर्बंध जंगलासाठी आवश्यकच आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की लाकूड आले कोठून हे विचारणारे अनेक, आणि ते वाळले आहे काय हे विचारणारा एकही नाही. १९२७ चा तो कायदा ज्या इंग्रजांनी केला, त्यांच्या स्वतःच्या देशात मे २०२१ पासून दोन घनमीटरहून कमी सरपण विकायचे तर त्यातील ओल शेकडा २० च्या आत असल्याचे प्रमाणपत्र लागते.

सुके लाकूड विकणे म्हणजे हिवाळ्यात व उन्हाळ्यात पैसा ओतून पावसाळ्याची वाट पाहणे. पाचसहा महिने भांडवल ढिगात निजून असते. त्या ढिगावर छप्पर हवे, खालून हवा खेळली पाहिजे, आगीची धास्ती असतेच. आणि शहरात ज्या जागेवर तो रचायचा तिची किंमत साऱ्या धंद्याच्या कितीतरी पट झालेली. हे सर्व सोसणाऱ्याला बाजार एक पैसा जास्त देत नाही. बेकरी हे त्याचे बारमाही गिऱ्हाईक होते, तेही आता गेले. उलट ज्या लाकडाचा धूर सर्वांत विषारी, ते मोडक्या फर्निचरचे, पाडलेल्या इमारतींचे, रंग आणि वार्निश चढलेले भंगार लाकूड वखारीतून येतच नव्हते. त्याच्या विक्रेत्याला ना पाटी, ना ढीग, ना भांडवल. आज या गल्लीतून हुसकले तर तो उद्या पलीकडच्या गल्लीत उभा राहील. म्हण आहे ती सुक्याबरोबर ओलेही जळते अशी. येथे ओल्याच्या पापाने सुके जळत आहे.

आणि ज्या गिऱ्हाइकाला गॅसकडे वळण्याचा हुकूम सहजी देता येणार नाही, ते तर उरलेच आहे. एका चितेला साधारणतः तीनचारशे किलो लाकूड लागते. विद्युतदाहिन्या व गॅसदाहिन्या आल्या, वाढल्याही पाहिजेत; परंतु अनेक कुटुंबांना अद्याप लाकडाचीच चिता हवी असते, आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशातील कित्येक स्मशानांत त्या लाकडाचीही कशी ओढ लागली, हे विसरण्याजोगे नाही. जेथे हे लाकूड निविदा काढून घेतले जाते आणि निविदा केवळ किलोच्या दरावर मंजूर होते, तेथे सुके लाकूड देणारा कंत्राटदार हरणार हे वरील हिशेबावरून शाळकरी मुलगाही सांगेल. मग श्रावणातल्या पावसात पेट न घेणारी चिता, वरून ओतलेले रॉकेल, आणि बापाच्या देहाजवळून धुराने डोळे चोळीत मागे सरणारा मुलगा. ही विटंबना दैवाची नव्हे, निविदेच्या मसुद्याची आहे. त्या मसुद्यात ‘ओल शेकडा २० हून अधिक नसावी’ हे एक वाक्य घालण्यास कोणत्याही महापालिकेला कायदेमंडळाची परवानगी लागत नाही.

वखारवाल्याचा काटा २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाखाली तपासला जातो, त्यावर शिक्का मारला जातो. तो काटा पाणीही तितक्याच इमानाने तोलतो. लाकडात दोन टोचण्या रोवून ओल सांगणारे यंत्र बाजारात मिळते. ते वजनमापे निरीक्षकाच्या खिशात मावेल एवढे असते.