पडद्यावरचे बाबासाहेब व आपले कर्तव्य



१८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाह वाहिनीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली व २०२० साली संपली. तीत सागर देशमुख या नटाने बाबासाहेबांची भूमिका केली. ती पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. नाट्य आपल्या चळवळीला परके नव्हतेच. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरशत्रू माणसांपर्यंत नेला. जे काम त्या काळी डफ-तुणतुण्याने केले, ते आज नटाने केले असेल, तर त्याला मोकळ्या मनाने धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु वाचकहो, नटाचा चेहरा हा अंगरख्यासारखा असतो. याच नटाने २०१९ सालीच ‘भाई’ या चित्रपटात पु. ल. देशपांडे साकारले. जब्बार पटेलांच्या चित्रपटात केरळचे मामुट्टी बाबासाहेब झाले व राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले. २०१४ साली श्याम बेनेगलांच्या ‘संविधान’ मालिकेत सचिन खेडेकरांनी तीच भूमिका केली. चेहरे तीन, माणूस एक. मग तो माणूस शोधावा कोठे?

आम्ही वकिलीच्या पेशातले. पुराव्यावाचून बोलणे आम्हांस जमत नाही. मालिकेतील संवाद लेखकाने लिहिलेले असतात. आपल्या मुलाने तेच बाबासाहेबांचे शब्द समजून चारचौघांत सांगितले आणि एखाद्याने आधार विचारला, तर त्या मुलास खाली मान घालावी लागेल. त्या क्षणी पालकांचे अश्रू त्याच्या कामी येणार नाहीत.

महाडचेच पाहा. ओंजळभर पाणी उचलण्याचे दृश्य पडद्यावर काही क्षणांत होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, त्याच वर्षी डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी दावा लावला. तो लढत लढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला. क्षणाचे धैर्य आणि दहा वर्षांची चिकाटी, दोन्ही मिळून हक्क सिद्ध झाला. चिकाटीचे चित्रण करणे कठीण. ती कागदपत्रांतच वाचावी लागते.

शिवाय जे पडद्यावर येत नाही ते विस्मरणात जाते. स्वारगेटला एस. टी.तून उतरणाऱ्या आपल्या बांधवांना पर्वती पायी जाण्याइतकी जवळ आहे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही त्या लढ्यातील नावे. त्यांची भूमिका कोणत्या नटाने केली, हे आपणांपैकी किती जण सांगू शकतील? नट मिळाला नाही म्हणून त्यांचा लढा लहान ठरत नाही.

याच पुण्यात १८ जानेवारी १९४३ रोजी, गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या समारंभात बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा कठोर समाचार घेतला होता. ज्या घरांनी मूर्ती बाहेर काढल्या, त्या घरांत पडद्यावरची मूर्ती देव्हाऱ्यात बसू लागली, तर धर्मांतराचे सार्थक काय?

म्हणून मालिका जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पण नंतर घरात ग्रंथ आणा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली आहेत. वसंत मून यांनी त्यांच्या संपादनासाठी आयुष्य वेचले. वर सांगितलेले पुण्याचे भाषण पहिल्याच खंडात आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. जो शिकला आहे त्याने वाचावे, इतरांनी ऐकावे, न समजेल ते विचारावे. नटाने आपली भूमिका चोख बजावली. आता भूमिका आपली आहे.