पहिली गिनी कोणती घ्यावी?

सोलापूरच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात जे शिल्लक पडले त्यातून एक जुने सोन्याचे नाणे घ्यावे, असे त्यांच्या मनात आहे. फोनवर अमेरिकेची सोन्याची नाणी पाहून डोळे दिपले आहेत, पण निवड होत नाही. अम्मीचे म्हणणे वेगळे आहे. "धाकटीचा निकाह दोन वर्षांवर आला. सोनेच घ्यायचे तर बांगड्या घे, नाणे काय कामाचे?" आमच्या मते दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणून उत्तर दोघांनाही पटेल असे द्यायचा प्रयत्न करतो.

आधी अम्मीची बाजू. आपल्याकडे सोने म्हणजे अडीनडीची पुंजी. आजारपण, फी, लग्न, घराचे छप्पर, वेळ आली की तेच उपयोगी पडते. बांगडी मोडायला नेली की घडणावळ गेलीच, वर घट धरली जाते. नाण्यालाही हेच लागू आहे, फक्त वेगळ्या रीतीने. जुन्या नाण्याच्या किमतीत दोन भाग असतात. एक सोन्याचा आणि दुसरा हौसेचा, म्हणजे नाणे दुर्मीळ आहे, सुंदर आहे म्हणून दिलेला. घाईने विकायची वेळ आली तर सराफ पहिल्या भागाचेच पैसे देतो. म्हणून नवख्याने एवढेच पाहावे, की पहिल्या नाण्यात हौसेचा भाग कमीत कमी असावा. ही कसोटी हातात धरून एकेक नाणे पाहू.

अमेरिकेची नाणी देखणी आहेत यात शंका नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या देशाची नाणी बेढब वाटत. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडून वीस डॉलरच्या नाण्याचा नवा नमुना करून घेतला. 1907 साली नाणे निघाले, त्याच वर्षी शिल्पकाराचे निधन झाले. मशाल घेऊन पुढे येणारी स्त्री आणि मागे उडता गरुड असे ते नाणे आहे. पुढच्या वर्षी आलेल्या अडीच आणि पाच डॉलरच्या नाण्यांवर मूळ रहिवासी पुरुषाचा चेहरा आहे, आणि तो उठावाचा नसून आत कोरलेला आहे. पण वीस डॉलरचे नाणे 33.4 ग्रॅमचे, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांचे! पहिल्या वर्षाच्या शिलकीत ते बसत नाही. अडीच डॉलरचे 4.18 ग्रॅमचे आहे, वजनाने परवडेल, पण आपल्या सराफकट्ट्यावर ते ओळखणार कोण? जे नाणे आपल्या गावात ओळखले जात नाही, त्याची हौसेची किंमत आपल्या गावात शून्य. ती चित्रात पाहावीत, पुस्तकात वाचावीत.

आता घराजवळ येऊ. सोलापूरचा किल्ला आपण येता-जाता पाहतो. 1668 मध्ये आदिलशाहीकडून तो औरंगजेबाकडे गेला आणि पुढे त्याच्या नावाची नाणी या शहरात पडली. त्या नाण्यांवर 'जर्ब सोलापूर' असे फारसी लिपीत असते. जर्ब म्हणजे ठोकले, पाडले. औरंगजेबाने तख्तावर आल्यावर नाण्यावरचा कलमा काढून टाकला. नाणे कुणाच्याही हाती जाते, पायदळी येते, म्हणून त्याने असे केल्याचे इतिहासकार नोंदवतात. कलम्याच्या जागी फारसी ओळी आल्या. त्यात चांदीच्या रुपयावर 'बद्र' म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आणि सोन्याच्या मोहरेवर 'मिहर' म्हणजे सूर्य, असा एका शब्दाचा फरक ठेवला. किती नेमका विचार!

या नाण्यांवर चेहरा नाही, फक्त अक्षरे आणि हिजरी सन. घरात चित्राचे नाणे नको असे ज्यांना वाटते, त्यांना ही जवळची वाटतील. मदरशात किंवा घरी अरबी, उर्दू अक्षरे शिकलेल्या मुलांना थोड्या सरावाने ती वाचता येतात. हिजरी 1100 म्हणजे इसवी 1688-89, एवढे लक्षात ठेवले की बाकीचा अंदाज बसतो. पण मोहर सुमारे 11 ग्रॅमची, जवळजवळ शुद्ध सोन्याची. तिच्यावर हौसेची किंमत बरीच चढलेली असते आणि बनावट माल भरपूर आहे. म्हणून मोहर पहिली नको. मन राहत नसेल तर त्याच बादशहाचा चांदीचा रुपया घ्यावा. अक्षरे तीच आणि खिशाला बेताचा.

तिसरे नाणे 1918 चे पंधरा रुपयांचे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा मुंबईच्या टाकसाळीत हे सोन्याचे नाणे पाडले गेले. ते एकाच वर्षाचे असून सुमारे 21 लाख निघाले. त्यावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज आहे. त्याच्या अंगरख्याकडे नीट पाहा, साखळीत एक छोटा हत्ती दिसेल. 1911 च्या रुपयावर हाच हत्ती असा काही उमटला, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांमध्ये मोठी नाराजी पसरली. सरकारने ते रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवले आणि 1912 पासून सोंड, पाय नीट दिसतील असा हत्ती काढला. पंधरा रुपयांच्या नाण्यावर हा दुरुस्त हत्ती आहे. गोष्ट सांगावी असे नाणे! पण संग्राहक त्याच्या मागे असतात, त्यामुळे सोन्याच्या भावापेक्षा बरेच जास्त मोजावे लागते. ते दुसरे किंवा तिसरे घ्यावे.

राहिली गिनी. आपण जिला गिनी म्हणतो ती खरे तर इंग्रजांची सॉव्हरिन. वजन 7.98 ग्रॅम, 22 कॅरट, म्हणजे शुद्ध सोने 7.32 ग्रॅम. रुंदी 22 मिलिमीटर. मागे घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा स्वार असतो. हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिराने 1817 मध्ये केले आणि ते आजही चालू आहे. पुढच्या बाजूवरून काळ ओळखता येतो. राणी व्हिक्टोरियाचे तीन चेहरे आहेत. तरुण चेहरा 1887 पर्यंत, छोट्या मुकुटाचा 1887 ते 1893 आणि डोक्यावरून पदर घेतलेला 1893 ते 1901. नंतर 1902 पासून सातवा एडवर्ड आणि 1911 पासून पंचम जॉर्ज. तरुण राणीच्या काही गिन्यांवर मागे स्वाराऐवजी ढाल असते, त्यांना जास्त भाव येतो.

आमची शिफारस स्पष्ट आहे. पहिले नाणे पंचम जॉर्जची गिनी घ्यावी. ती सर्वांत सहज मिळते, तिच्यात हौसेचा भाग थोडा असतो आणि कोणताही सराफ तिला ओळखतो. त्यातही जमल्यास 1918 ची मुंबईची गिनी पाहावी. त्या वर्षी मुंबईत सुमारे 13 लाख गिन्या पाडल्या गेल्या. सनाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, बारीक 'आय' हे इंग्रजी अक्षर असते. भिंग लावून पाहावे. तिला थोडे जास्त द्यावे लागतील, पण आपल्याच मुलखात पडलेले नाणे हाती येते. अम्मींनाही सांगा, उद्या धाकटीच्या निकाहात गरज पडली तर हेच नाणे तिला भेट म्हणून देता येईल, नाहीतर सोन्याच्या भावात मोडता येईल.

घेताना काही गोष्टी पाळाव्यात. सराफाकडे मिळणारी राजाच्या चेहऱ्याची नवी आठ ग्रॅमची 'गिनी' हे जुने नाणे नव्हे, तो दागिन्याचा माल आहे. त्याला जुन्याची किंमत देऊ नये. वजन स्वतःसमोर करून घ्यावे, रुंदी मोजावी, पक्के बिल घ्यावे. काठावर कडी काढल्याची खूण आहे का ते पाहावे, डाग दिलेल्या नाण्याची हौसेची किंमत गेलेली असते. केवळ सोने खरे म्हणून नाणे खरे, असे समजू नये. बैरूतमध्ये गेल्या शतकात अस्सल सोन्याच्याही बनावट गिन्या निघाल्या आहेत. घरी आणल्यावर चिंच, रिठा, राख काही लावू नये. घासले की नक्षी जाते आणि तिच्याबरोबर किंमतही.

बाजारात जाण्याआधी घरातली पेटी उघडून पाहा. गिरणीच्या पगारातून आजोबांनी घेतलेली एखादी गिनी दादीच्या गळसरीत असू शकते. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यात नाण्यांच्या रूपात सोने ठेवण्यावर कडक बंधने होती, तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला. तरीही मोडीत देण्याआधी सन आणि अक्षर वाचून घ्या. एकदा आटवलेले नाणे परत येत नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्यामुळे दुबईच्या भावाला भेट म्हणून ते पाठवता येत नाही. आणि जमिनीत पुरलेले नाणे सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

शेवटचे, पण महत्त्वाचे. छंदाचे नाणे असले तरी ते सोनेच आहे. आपल्या मालकीचे सोने साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम झाले की जकातीचा हिशेब येतो, त्यात ही गिनीही धरावी. सोबत चांदी किंवा रोकड असेल तर हिशेब कसा करायचा ते मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे. एका वहीत सन, वजन, किंमत, बिलाचा क्रमांक आणि नाणे कुठे ठेवले आहे ते लिहावे आणि ती वही घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवावी. आपल्यामागे वारसांना वाटणी करायची असते. त्यांच्या हाती नुसते नाणे पडले तर ते थेट सराफाकडे जाईल. वही सोबत असेल तर त्यांना ते काय आहे, हेही कळेल.