खाऱ्या विहिरींचा हिशेब

मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींच्या बांधकामात वापरलेला पोरबंदरी दगड अनेकांच्या परिचयाचा आहे. सागरी जीवांच्या सूक्ष्म कवचांपासून घडलेला हा चुनखडक सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दूरवर पसरलेला आहे. मात्र तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व इमारतींपुरते नाही. त्याच्या विहिरीचे पाणी याच खडकात साठते. ऊना, कोडिनार, चोरवाड, मांगरोळ हा हिरवागार पट्टा नारळ, ऊस आणि विड्याच्या पानांसाठी नावाजला, तो या पाण्याच्या जोरावर. त्याच पट्ट्यातील विहिरी गेल्या अर्धशतकात मचूळ व्हाव्यात, हा केवळ निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही. त्यामागे एक अर्थशास्त्र आहे.

गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने किनाऱ्यालगत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. याचा अर्थ असाही होतो, की वरची पातळी १ मीटरने उतरली तर खालून खारे पाणी ४० मीटर वर चढू पाहते. चुनखडक पाण्यात विरघळतो, त्यात भेगा व पोकळ्या पडतात, आणि ज्या वाटांनी पावसाचे पाणी झटकन आत जाते, त्याच वाटांनी समुद्रही आत शिरतो.

बिघाडाला फारसे खारे पाणी लागतही नाही. समुद्राच्या १ लिटर पाण्यात क्लोराइडचे प्रमाण सुमारे १९ ग्रॅम असते. विहिरीत त्याचा शेकडा २ भाग मिसळला, तरी क्लोराइड लिटरला ३८० मिलिग्रॅमने वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा आहे २५० मिलिग्रॅम!

ऑइल इंजिने व विजेचे पंप आले आणि १९६० नंतर उपसा वाढत गेला. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला. आपण पाणी राखले तर ते शेजारी उपसणार. मग आपणच आधी का उपसू नये? लाभ एकट्याचा आणि तोटा साऱ्या गावाचा, असा हा व्यवहार होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मुभा दिली होती. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुजरातेत शेतीपंपांना अश्वशक्तीवर ठोक वीज आकारणी आली. तेव्हा जादा तासभर पंप चालविण्याचा खर्च शेतकऱ्याच्या लेखी जवळजवळ शून्य झाला. जे फुकट मिळते ते जपून कोण वापरणार?

गुजरात सरकारने १९७६ मध्ये उच्चस्तरीय समिती नेमली. तिने सुचविलेले उपाय सर्वांगीण होते. नदीमुखाशी भरतीचे पाणी रोखणारी दारे, बंधारे, पाझर तलाव व पाट ही एक बाजू. पीकपद्धतीत बदल आणि उपशावर नियंत्रण ही दुसरी. अडचण अशी, की पहिल्या बाजूला ठेकेदार मिळतो, उद्घाटन होते. दुसऱ्या बाजूला फक्त रोष पदरी पडतो. बांधकामे झाली, त्यांचा काही ठिकाणी उपयोगही झाला. संयमाची बाजू मात्र लंगडीच राहिली.

१९८५ ते १९८७ च्या दुष्काळानंतर लोकांनीच पावसाचे पाणी विहिरींत सोडण्याची चळवळ उभारली. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराचा तीत मोठा वाटा होता. ही चळवळ निःसंशय गौरवास्पद होय. तथापि चुनखडक पाणी फारसे गाळत नाही. शेतातील खत, गोठ्यातील घाण, गावातील सांडपाणी हेही त्याच भेगांतून खाली उतरते. म्हणून विहिरीत पाणी सोडण्यापूर्वी ते गाळून घेणे अगत्याचे ठरते. शिवाय पुनर्भरणाने मिळालेले पाणी त्याच वर्षी उपसले गेले, तर समुद्राला मागे रेटण्यास उरते काय?

आता नर्मदेचे पाणी नळांतून सौराष्ट्रात पोहोचले आहे. पिण्याच्या पाण्याची वणवण त्यामुळे कमी झाली, हे मोठेच काम. परंतु घरात नळ आला, की विहिरीची काळजी गावाच्या मनातून उतरते. लहान शेतकऱ्याच्या पिकाला मात्र विहिरीचाच आधार असतो. समुद्राजवळच्या, थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याची विहीर प्रथम खारी होते. आतल्या भागातील मोठा बागायतदार आणखी खोल जाऊ शकतो. किनाऱ्याकडे वाहणारे गोडे पाणी वाटेतच उपसणाऱ्याच्या उपशाची किंमत दुसराच कोणी मोजतो.

महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला. कोकणचा खडक वेगळा, जांभा आणि काळा पाषाण. तरी किनाऱ्यालगत खाऱ्या-गोड्या पाण्याचा तोल तेथेही याच नियमाने चालतो. कायद्याची कसोटी कागदावर लागत नाही. गावातले पंप किती तास चालावेत हे ठरवून ते पाळले जाते की नाही, यावर ती लागते. प्रत्येक किनारी गावाने पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींची पातळी आणि खारेपणा मोजून चावडीवर लिहावा, आणि त्यानुसार रब्बीचे पीक ठरवावे. गावाचा समाईक ठेवा किती उरला, हे आधी सर्वांना दिसले पाहिजे. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात. तिचा हिशेब मागाहून मांडून उपयोग नसतो.