आमच्या प्रश्नपत्रिकेतलं वॉशिंग्टन

जागतिकीकरण म्हटलं की आपल्याला मॉल, कॉल सेंटर आणि पिझ्झा आठवतो. पण मित्रांनो, जरा इंटर्नल टेस्टचा पेपर काढून बघा. प्रश्नासमोर, मार्कांच्या शेजारी 'सीओ २', 'सीओ ३' असं काहीतरी छापलेलं असतं. आपण त्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते तिथे कुठून आलं माहितेय? थेट वॉशिंग्टनहून!

१९८९ साली अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतल्या इंजिनियरिंग संस्थांनी एक करार केला. तुमची डिग्री आम्ही मानतो, आमची तुम्ही माना. हाच वॉशिंग्टन अकॉर्ड. आपल्या एनबीएला त्यात २००७ साली तात्पुरतं आणि जून २०१४ मध्ये कायमचं सदस्यत्व मिळालं. आणि सोयरीक म्हटली की मानपान आलेच! कॉलेजात लॅब किती, पुस्तकं किती, एवढं मोजून आता भागेना. मुलांना शेवटी येतं काय, ते दाखवा. त्यासाठी बारा गुणांची यादी आली. २०२१ साली अकॉर्डवाल्यांनी आपल्या यादीत अकरा गुण ठेवले, तर पाठोपाठ एनबीएचीही यादी अकराची झाली. आपल्यापैकी कोणाला पत्ता तरी लागला का?

मुळात ही कल्पना वाईट नाहीच. पाठांतर करून पास होणाऱ्यांच्या देशात 'येतं काय' हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता, मग तो परदेशातून का येईना. पण आपण प्रश्न बाजूला ठेवला आणि फॉर्म तेवढा घेतला. सर-मॅडम लोक रात्री उशिरापर्यंत एक्सेलमध्ये एक, दोन, तीन असे आकडे भरत बसतात. सेमिस्टरच्या शेवटी सर्व्हे येतो, तो एक जण भरतो आणि बाकीचे त्याचा कॉपी करतात. (हॉस्टेलवाल्यांना अधिक सांगायला नको.)

त्यात आणखी एक मेख आहे. सदस्यत्व मिळालं तेव्हा अकॉर्डची मान्यता फक्त 'टियर वन'ला, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग यांनाच होती. विद्यापीठाला संलग्न असलेली साधी कॉलेजं 'टियर टू'. म्हणजे फायली त्यांनीही भरायच्या, पण परदेशातल्या मान्यतेच्या नावाने शून्य! धोरण आखताना डोळ्यासमोर बाहेर जाणारा मुलगा होता. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करणारा कुणाच्या खिजगणतीत होता का?

आता भाषेचं बघा. यादीत 'कम्युनिकेशन' हा एक गुण आहे. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ होतो इंग्रजी. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे सेमिनारचे मार्क मला जवळजवळ फुकटच पडतात. माझ्या विंगमधला जिल्हा परिषद शाळेतून आलेला मित्र मशिन्स माझ्यापेक्षा दसपट चांगल्या समजावतो, पण मराठीत. व्हायवात तोच अडखळतो. गंमत म्हणजे मूळ यादीत इंग्रजीचा उल्लेखही नाही! इंजिनियरला समाजाशीही बोलता यायला हवं आणि तेही भाषेतला फरक लक्षात घेऊन, असं तिथे म्हटलंय. आपला समाज कुठली भाषा बोलतो, हे वॉशिंग्टनला विचारायची गरज नाही. २०२१ पासून तर एआयसीटीईनेच मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली आहे.

तेव्हा डिपार्टमेंटला एक विनंती. यंदाच्या प्रोजेक्ट प्रेझेंटेशनला ज्याला मराठीत उत्तर द्यायचंय त्याला देऊ द्यावं, आणि ते मार्क 'कम्युनिकेशन'च्याच रकान्यात धरावेत. तपासायला आलेल्या समितीने हरकत घेतलीच, तर यादीतलं हेच वाक्य त्यांच्यापुढे ठेवता येईल.