दूरसंचार कामगारांचे संप आणि शेतकऱ्यांचें मत

तारटपाल अथवा दूरसंचार खात्यांतील कामगारांनीं संप पुकारला, म्हणजे चावडीवर, धानखरेदी केंद्राच्या रांगेंत आणि आठवडी बाजारांत एकच उद्गार ऐकूं येतो: “दरमहा पगार घेणारांना संप कशाला हवा?” हा उद्गार काढणारा शेतकरी द्वेषानें बोलतो असें नाहीं. ज्याच्या उत्पन्नाला तारीख नाहीं, हमी नाहीं, आणि पावसानें पाठ फिरविली तर दाद मागण्यास कोणी वरिष्ठही नाहीं, त्याला पगारदाराची तक्रार ही पोट भरलेल्याची कुरकुर वाटावी, हें स्वाभाविक आहे. तथापि लोकमत ही मोठी शक्ति आहे. सार्वजनिक सेवेंतील संप टिकणें किंवा मोडणें हें पुष्कळ अंशीं तिच्यावर अवलंबून असतें. आणि शेतीप्रधान देशांत शेतकऱ्याचें मत हा लोकमताचा फार मोठा भाग होय. तेव्हां तें मत केवळ आपल्या अडचणीच्या मापानें न मोजतां नीट विचार करून बनविणें अवश्य आहे.

प्रथम, आपल्या तक्रारींत जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. पूर्वीं तार म्हणजे बहुधा मृत्यूची अथवा लग्नाची बातमी. ती सेवा सरकारनें १५ जुलै २०१३ पासून बंदच केली. आज दूरध्वनि व इंटरनेट हीं नांगर-वखराइतकींच शेतीचीं साधनें झालीं आहेत. धान सरकारी केंद्रावर विकावयाचें तर नोंदणी ऑनलाइन; सातबाऱ्यावर पीक चढवावयाचें तर २०२१ पासूनची ई-पीक पाहणी मोबाइलवर; बँकेंतून आपलेच पैसे काढावयाचे तरी बँकेचें संगणकजाळें चालू असलें पाहिजे. गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या मुर्रीसारख्या गांवांत एका कंपनीचा मनोरा बंद पडला तर दुसरीचा आधार मिळतो. परंतु सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव ह्या तालुक्यांच्या जंगलपट्टींत जेथें गिऱ्हाइकें विरळ आहेत, तेथें असा दुसरा आधार प्रत्येक गांवास असतोच असें नाहीं.

शिवाय ह्या खात्याच्या संपाची जात निराळी आहे. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो व तो वाटाघाटीस येतो. टपाल किंवा दूरध्वनि बंद पडला तर अधिकाऱ्याच्या खुर्चीला धक्का लागत नाहीं. अडतो तो तिऱ्हाईत. ह्याच कारणास्तव १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत संपाची आगाऊ नोटीस देणें व ती दिल्यापासून १४ दिवसांच्या आंत संप न करणें बंधनकारक केलें. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली, हीच अट सर्वच औद्योगिक आस्थापनांस लागू केली आहे. अडचण होणाऱ्या तिऱ्हाइताचा विचार झाला पाहिजे, हें कायद्यासही मान्य आहे.

एवढें मान्य केल्यावर दुसरी बाजू पाहूं. हे लोक संपावर जातात तरी कां? ह्याचें उत्तर १९४६ सालच्या टपाल व तार संपांत सांपडतें. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. धान्य, कापड, घासलेट ह्यांचे भाव चढले होते. पगार मात्र त्या मानानें चढले नव्हते. ११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व खालच्या श्रेणीच्या नोकरांनीं काम थांबविलें. मुंबईचे व्ही. जी. दळवी हे त्यांच्या संघटनेचे पुढारी होते. पुढें तार व टेलिफोन खात्यांतील मंडळीही सामील झाली. २९ जुलै रोजीं कलकत्त्यास त्यांच्या सहानुभूत्यर्थ सार्वत्रिक संप झाला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत हा लढा मिटला. ह्या खात्यांतील तंट्याच्या निवाड्याचें काम मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांजकडे सोंपविण्यांत आलें होतें. पहिल्या वेतन आयोगानें १९४७ सालीं खालच्या नोकरास मूळ पगार ३० रुपये व महागाईभत्ता २५ रुपये, मिळून ५५ रुपये दरमहा असावे अशी शिफारस केली. एवढ्यासाठीं आयोग बसवावा लागला, ह्यावरून त्यापूर्वीं त्या नोकराच्या घरीं काय स्थिति असेल ह्याची कल्पना करावी.

उलट ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीं केंद्र सरकारच्या नोकरांनीं जो संप सुरू केला, त्यांत टपाल-तार खातेंही होतें. सरकारनें वटहुकूम काढून तो बेकायदेशीर ठरविला, आणि पांच दिवसांत तो मागें घ्यावा लागला. तात्पर्य, संप म्हणजे हमखास विजय नव्हे. संप करणारा पगारावर पाणी सोडतो, नोकरी धोक्यांत घालतो व घरच्यांस घोर लावतो. कोणीही शहाणा मनुष्य हें हौसेनें करीत नाहीं.

आतां संघटनांविषयीं. कामगार संघ ही शहरी, परकी कल्पना आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास तसें सांगत नाहीं. १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांस एकत्र आणणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. ज्या फुल्यांनीं शेतकऱ्याच्या दैन्याचा पाढा वाचला, त्यांच्याच सहकाऱ्यानें गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली; ती १० जून १८९० पासून मिळूं लागली. ज्यांच्यासाठीं ती मिळविली ते बहुतेक कोंकण व देशावरच्या शेतकऱ्यांचेच मुलगे होते. पुढें कामगार संघांस कायद्याची मान्यता मिळावी म्हणून नारायण मल्हार जोशी यांनीं विधिमंडळांत आग्रह धरला, व १९२६ चा कायदा झाला. शेतकरी आणि कामगार हीं मुळांत एकाच घरचीं माणसें आहेत.

आणि आजही तींच आहेत. २२ मे २०१८ पासून ग्रामीण डाक सेवकांनीं सुमारें पंधरवडाभर संप केला. हा सेवक म्हणजे कोण? दिवसांतून चार-पांच तास गांवचें टपाल सांभाळणारा व उरलेला वेळ बहुधा आपल्यासारखाच शेतांत राबणारा मनुष्य. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी अमलांत आणा, एवढीच त्याची मागणी होती. ६ जून २०१८ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सुधारित भत्ता मंजूर केला: चार तासांच्या कामास शाखा डाकपालाला १२ हजार व सहायकाला १० हजार रुपये. ज्या संपकऱ्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे, त्याला आपण ऐतखाऊ म्हणत नाहीं. शहरांतील दूरध्वनि कामगाराला म्हणतों. कारण त्याला आपण ओळखत नाहीं, एवढेंच.

आमच्या मतें ह्या सर्व प्रश्नाचें मर्म पुढील दोन गोष्टींत आहे, आणि वाचकांनीं त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. १८ ते २० फेब्रुवारी २०१९ ह्या तीन दिवसांत भारत संचार निगमच्या कामगारांनीं संप केला. त्यांच्या मागण्यांत वेतनसुधारणा होती, निवृत्तिवेतनाचा प्रश्न होता. पण त्याबरोबरच आपल्या निगमास फोर-जी सेवेसाठीं लहरी द्याव्या, ही मागणीही होती. खासगी कंपन्या वेगवान इंटरनेट विकीत असतां सरकारी निगमानें जुन्या यंत्रांवर गिऱ्हाईक कसें राखावें, असा त्यांचा प्रश्न होता. ही मागणी पगाराची नव्हे. ती आपल्या जंगलपट्टींतील खेड्याची मागणी होती. ती आपल्यापैकीं कितीजणांच्या कानीं पडली? आपण ऐकलें तें इतकेंच कीं संप आहे व काम होणार नाहीं.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २०१९ मध्यें सरकारनें निगमासाठीं योजना जाहीर केली. तींत लहरी देण्याचा निर्णय होता, आणि स्वेच्छानिवृत्तीही होती. त्याप्रमाणें ३१ जानेवारी २०२० ह्या एका दिवशीं निगमाचे सुमारें ७८ हजार कामगार, म्हणजे जवळजवळ निम्मे, कामावरून निवृत्त झाले. हा संप नव्हता. पण संपांत हात तीन दिवस थांबले होते; येथें ते कायमचे थांबले. त्या दिवशीं चावडीवर कोणी रागावलें नाहीं. आणि देशभर निगमाच्या फोर-जी सेवेचें उद्घाटन झालें तें २७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे त्या संपानंतर साडेसहा वर्षांनीं. तीन दिवस सेवा थांबली तर आपण संतापतों. वर्षानुवर्षें ती खंगत गेली तर गप्प बसतों. तलावाचें पाणी एक दिवस सुटलें नाहीं म्हणून भांडावें, आणि पाळ खचत असतां तिकडे पाहूंही नये, तशांतला हा प्रकार आहे.

ह्यांत कामगार संघही निर्दोष नाहींत. संपाची नोटीस ते अधिकाऱ्यास देतात. ज्याची अडचण व्हावयाची त्या गांवकऱ्यास मात्र कोणी कळवीत नाहीं. मागणीपत्रांत वेतनाचीं कलमें ठळक असतात, सेवेचें कलम शेवटीं असतें. आणि एरवीं तक्रार नोंदवूनही तारेची दुरुस्ती आठवडेच्या आठवडे होत नसेल, तर संपाच्या दिवशीं लोकांनीं आपुलकीनें पाठीशीं उभें राहावें ही अपेक्षा व्यर्थ होय. लोकांची सहानुभूति ही आयत्या वेळीं उसनी मिळत नाहीं. ती नेहमींच्या कामानें कमवावी लागते.

“शेतकऱ्याला कोठें संप करतां येतो?” असेंही विचारलें जातें. येतो, व त्यानें तो केलाही आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवांच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ ते १९३९ अशीं सहा वर्षें खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें. १ जून २०१७ रोजीं पुणतांब्यापासून सुरू झालेल्या संपांत शेतकऱ्यांनीं दूध व भाजीपाला शहरांत जाऊं दिला नाहीं. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें सुमारें ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. त्या दिवसांत शहरांतील गृहिणी दुधासाठीं खोळंबल्या, आणि आज आपण दूरध्वनि कामगाराविषयीं जें बोलतों तेंच शहरांत आपल्याविषयीं बोललें गेलें. आपला संप तो न्याय व दुसऱ्याचा तो दंगा, हें माप खोटें आहे.

त्याहूनही जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर आपल्या बांधींत पाहावें. रोवणीच्या दिवसांत बाया एकमत करून मजुरी वाढवून मागतात. पऱ्हे जून होत असतात, म्हणून आपण निरुपायानें दर देतों आणि मागाहून त्यांस दूषण देतों. परंतु रिकाम्या दिवसांत त्याच बाया काम मागत दारीं येतात, तेव्हां आपण दर पाडीत नाहीं काय? हंगाम त्यांचा आहे तोंवर त्यांनीं मागितलें; हंगाम आपला असतो तेव्हां आपण दिलेलें त्या मुकाट्यानें घेतात. ज्याला हें आपल्या घरीं समजलें, त्याला कामगार संघाचें प्रयोजन वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

मग संपाविषयीं मत कसें बनवावें? प्रत्येक संपाला पाठिंबा द्यावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पुढील वेळीं संपाची वार्ता आली म्हणजे शेतकऱ्यानें चार प्रश्न विचारावे. मागणी कोणती आहे, आणि तींत लोकांच्या सेवेचा कांहीं अंश आहे काय? नोटीस देऊन, बोलणीं करून व लवादाचा मार्ग चोखाळून मग संप पुकारला आहे काय? दवाखाना, पोलीस व अग्निशामक दल ह्यांच्या दूरध्वनीची व्यवस्था संपकऱ्यांनीं राखली आहे काय? आणि चौथा प्रश्न वरिष्ठांस: नोटिशीचे १४ दिवस आपण कशांत घालविले? पहिल्या तीन प्रश्नांचें उत्तर समाधानकारक असेल व चौथ्याचें नसेल, तर आपल्या अडचणीचा दोष कामगाराच्या माथीं मारणें हा अन्याय होय. उत्तरें उलट आलीं, तर संपास स्पष्ट विरोध करण्यास आपण भिऊं नये.

आमची सूचना अशी आहे कीं, तालुक्याच्या ठिकाणच्या शेतकरी मंडळांनीं संपाची वाट न पाहतां टपाल व दूरसंचार कामगारांच्या स्थानिक प्रतिनिधींस आपल्या सभेस बोलवावें. त्यांनीं आपलें गाऱ्हाणें सांगावें. आपण बंद मनोऱ्यांची, न उचललेल्या तक्रारींची व उशिरा आलेल्या पत्रांची यादी त्यांच्या हातीं ठेवावी. त्यांच्या पुढील मागणीपत्रांत आपल्या यादींतील एक तरी कलम असेल, तर आपल्या सभेनेंही त्यांच्या न्याय्य मागणीस पाठिंब्याचा ठराव करून जिल्हाधिकारी व खासदार यांजकडे पाठवावा. अशानें संपाचे प्रसंग थोडे येतील. कारण ज्या कामगारांमागें गांव उभें आहे त्यांचें म्हणणें सरकारला चौदा दिवसांच्या आंत ऐकावें लागतें. आणि तरीही संप झालाच, तर काम कां बंद आहे हें रांगेंत उभ्या असलेल्या प्रत्येकास ठाऊक असेल.

— एक सभासद, मुर्री