डाव मोडण्याचा हक्क

माझे बालपण कुर्ल्यात गेले. वडील स्वदेशी मिलमध्ये साच्यावर काम करीत. जमशेटजी टाटांनी १८८६ साली घेतलेली ती गिरणी बंद पडून आता पुष्कळ वर्षे लोटली. पण आम्ही मुले होतो, तेव्हा तिच्या भोंग्यावर साऱ्या वस्तीचे घड्याळ चाले. चाळीमागच्या मोकळ्या जागेत आमचा विटीदांडूचा डाव रंगे. खरे सांगायचे, तर निम्मा वेळ खेळण्यात आणि निम्मा वेळ भांडण्यात जाई. विटी झेलली की आधी जमिनीला लागली, दांडूने मापताना हात पुढे सरकला की नाही, उशिरा आलेल्या भिडूला कोणत्या बाजूस घ्यावे, अशा एक ना अनेक वादांचा निवाडा आम्हीच करीत असू. पंच नव्हता आणि नियमांचे पुस्तकही नव्हते. अंधार पडला, आईची हाक आली, किंवा कोणी रडीचा डाव खेळू लागला, की आम्ही डाव मोडून घरी जात असू. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडता येई.

डाव मोडण्याचा हा हक्क आपल्या हाती आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नव्हते. आज व्हिडिओ गेमच्या भवितव्याचा विचार करू लागलो, की मला त्याच हक्काची आठवण होते.

विद्यार्थिमित्रांनो, व्हिडिओ गेम ही कालपरवाची वस्तू नव्हे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून, एका लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्याने त्यावर पैसा मिळविला नाही. पैसा मागाहून आला. १९७२ साली ‘पाँग’ आणि १९७८ साली जपानमधून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे खेळ निघाले, आणि नाणे टाकून खेळावयाची यंत्रे देशोदेशी पसरली.

ती कुर्ल्यास पोहोचेपर्यंत मी शिक्षक झालो होतो. स्टेशनच्या वाटेवर एका गाळ्यात अशी चारपाच यंत्रे मांडलेली असत आणि दारावर मळका पडदा टांगलेला असे. माझ्या वर्गातील एक मुलगा दुपारच्या तासांना दिसेनासा झाला, तेव्हा मी थेट त्या पडद्याआड गेलो आणि त्याचा कान धरला. तो काकुळतीने म्हणाला, “सर, एकच लाइफ उरली आहे. एवढी संपू द्या.” मी ऐकले नाही. त्या प्रसंगाचा मला पुढे बराच काळ अभिमान वाटत असे. आता तितकासा वाटत नाही. कारण तो मुलगा डाव संपविण्याचीच परवानगी मागत होता, आणि ती देण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नसता.

त्या यंत्राचा स्वभाव मात्र लक्षात घेण्याजोगा होता. एका नाण्यात मुलगा अर्धा तास खेळत राहिला, तर धन्याचे नुकसान. म्हणून खेळ झपाट्याने कठीण होत जाई आणि थोड्याच वेळात खेळणारा हरत असे. यंत्राला डाव लवकर संपावयास हवा होता. आजच्या मोबाइलवरील पुष्कळशा खेळांचे नेमके उलट झाले आहे. ते फुकट मिळतात. खेळणारा जितका वेळ पडद्यापुढे बसेल, तितक्या अधिक जाहिराती तो पाहील आणि कधी ना कधी पोशाखासाठी, शस्त्रासाठी किंवा पुढच्या पायरीसाठी पैसे मोजील, हा त्यांचा हिशेब. म्हणून आज आलास तर बक्षीस, उद्या चुकलास तर साखळी तुटली, हा हंगाम संपण्यापूर्वी अमुक मिळव, अशी निमंत्रणे दिवसभर येत राहतात. पूर्वीच्या यंत्राला तुमचे नाणे हवे होते. आताच्या यंत्राला तुमची संध्याकाळ हवी आहे. त्यात डाव संपण्याची जागाच ठेवलेली नसते.

यावर काही पालक म्हणतात, मुलांनी संयम शिकावा. संयम शिकावाच, मी आयुष्यभर तेच शिकवीत आलो. परंतु एका बाजूस बारा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूस त्याला उठू न देण्याच्या युक्त्या शोधण्यासाठी पगार घेणारी जाणती माणसे, हा सामना बरोबरीचा नव्हे. मोठी माणसे तरी कोठे उठतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या अशा अनावर ओढीला आजारांच्या यादीत स्थान दिले, तेव्हा तिने त्याला वयाची अट घातली नव्हती.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० सालच्या टाळेबंदीत माझा अकरा वर्षांचा नातू रोज सायंकाळी मोबाइल घेऊन खिडकीशी बसे आणि पबजी खेळे. त्या वयात तो खेळ खेळावा काय, हा प्रश्न घरात कोणीच विचारला नाही. ती आम्हा वडीलधाऱ्यांची चूक. तो एकटा, एकलकोंडा होत चालला आहे असे मला वाटे. एके दिवशी त्याच्या कानावरचे यंत्र निसटले आणि त्यातून चार मुलांचा एकच गलका ऐकू आला. कोणी पुढे धावला म्हणून दुसरा रागावला होता, कोणी कोणाला “तू नेहमी असंच करतोस” म्हणत होता. ते भांडण मला चांगले ओळखीचे वाटले. रस्ते ओस पडले होते, शाळेला कुलूप होते, आणि माझ्या नातवाची गल्ली त्या हातभर पडद्यात जाऊन बसली होती.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने शंभराहून अधिक चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजीही होता. मला मनातून बरे वाटले. नातू मात्र दोन दिवस नीट जेवला नाही. मी समजूत घालू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, तुमचं मैदान कोणी एका दिवसात उचलून नेलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?” मी उत्तर दिले नाही. आमच्या चाळीमागची जागाही कोणीतरी उचलून नेलीच होती. फक्त त्यास एका दिवसाऐवजी दहा वर्षे लागली, आणि आज तेथे सात मजल्यांची इमारत उभी आहे. त्या वेळीही आम्हांस कोणी विचारले नव्हते. बंदीमागची राष्ट्राच्या सुरक्षिततेची कारणे मला मान्य आहेत. तरी ते मैदान मुलांचे कधीच नव्हते, ते दुसऱ्याने वापरावयास दिलेले होते, एवढे त्या दिवशी उघड झाले.

उद्याचे खेळ या बाबतीत आजच्याहून पुढे जाणार आहेत. डोळ्यांवर चढवावयाचे पडदे आता आले आहेत, आणि त्यांतून खेळणारा चहूबाजूंनी खेळाच्या आतच उभा असतो. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ या खेळाने लोकांना घराबाहेर काढून रस्त्यारस्त्यांतून चालावयास लावले. ते मला आवडले, जरी कुर्ल्याच्या रहदारीत मोबाइलकडे पाहत चालणे मी कोणास सुचविणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खेळातील पात्रे आपल्याशी आपल्या भाषेत बोलू लागतील. आणि खेळ आपल्या यंत्रात न राहता दूरच्या एखाद्या संगणकावर राहील, आपल्याकडे केवळ त्याचे चित्र येईल. गूगलने ‘स्टेडिया’ नावाने हा प्रयोग २०१९ साली मांडला आणि जानेवारी २०२३ मध्ये आवरला; पण कल्पना मेलेली नाही.

माझ्या आजीचा साप-शिडीचा कापडी पट आमच्या घरी अजून आहे. त्याचा विणकर गेला, विकणारा गेला, आजी गेली. कवड्या टाकल्या की डाव सुरू होतो. उलट ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ लोकांनी रोख पैसे देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपल्याकडील संगणक बंद केले आणि विकत घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. युरोपात यावर मोठे आंदोलन उठले आणि २०२५ साली त्यांच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ही मागणी मला अतिशय रास्त वाटते. खेळ मोडण्याचा हक्क कंपनीस आणि न मोडण्याची जबाबदारी मुलांवर, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

सरकारांनी आपल्या परीने उपाय केले आहेत. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठरवून दिला. दक्षिण कोरियाने मध्यरात्रीनंतर लहान मुलांना खेळावयास बंदी करणारा कायदा २०११ मध्ये अमलात आणला आणि दहा वर्षांनी तो मागे घेतला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पैशांच्या खेळांवरील बंदी योग्यच झाली. तेथे डाव मोडतो तेव्हा घरही मोडते. परंतु तास मोजणाऱ्या कायद्यावर माझा फारसा भरवसा नाही. कान धरून मुलास बाहेर काढणे मी करून पाहिले आहे. खेळाच्या रचनेतच शेवट असावा, खेळणारा उठला तर त्याचे काही बुडू नये, आणि विकत घेतलेला खेळ कायम चालावा, एवढे बंधन खेळ बनविणाऱ्यांवर घातले, तर मुलांवर घालावयाची पुष्कळशी बंधने अनावश्यक ठरतील.

हे अशक्य आहे असे मानू नका. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधीत निघालेल्या मुलीची ती कथा आहे. कथेला सुरुवात असते, म्हणून शेवटही असतो. तो आला की माणूस उठतो, जसा कादंबरी मिटून उठतो. आणि नियम घडविण्याची परंपरा तर आपल्या घरचीच. खो-खो गल्लोगल्ली निरनिराळ्या रीतीने खेळला जात असे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. त्यात पुरुष व महिला दोन्ही विजेतेपदे भारताने मिळविली.

माझा नातू आता सोळा वर्षांचा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने ‘स्क्रॅच’ या मुलांसाठी तयार केलेल्या संगणकभाषेत विटीदांडूचा एक खेळ रचावयास घेतला. दांडूने माप कसे घेत, वकट, लेंड, मूंड हे आकडे कोणत्या क्रमाने म्हणत, हे तो मला विचारी आणि वहीत लिहून घेई. एका संध्याकाळी त्याने विचारले, “आजोबा, खेळ संपतो केव्हा?”

“अंधार पडला की,” मी म्हणालो.

“मग पडद्यावर अंधार पाडून खेळ बंद करू? असा खेळ दुसऱ्यांदा कोण उघडील?”

“दुसऱ्या दिवशी उघडतील. आम्ही जात नव्हतो का रोज?”

त्यास हे पटले नाही. त्याचे म्हणणे, निदान ‘आणखी एक डाव’ असे एक बटण ठेवावे. ते ठेवावे की न ठेवावे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, आणि त्याचा खेळ तेवढ्यासाठी अपुरा राहिला आहे.