बकरी आणि कपाट

‘गोष्ट लिहा’ म्हटले की मुलांची वही ठरलेल्या वाटेने जाते. लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड आणि शेवटी अधोरेखित केलेले तात्पर्य. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातील पाचवी-सहावीची चौदा मुले आम्ही रोज तासभर एका खोलीत जमवली. पहिल्या दिवशी नऊ जणांच्या गोष्टीत लाकूडतोड्या होता. यांतल्या एकानेही कधी लाकूडतोड्या पाहिलेला नाही. कोणाचे अब्बा वेल्डिंग करतात, कोणाचे फळांची गाडी लावतात. ते मात्र एकाही वहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जियानी रोदारी यांचा खेळ काढला. इटलीतले हे बालसाहित्यिक १९२० साली जन्मले. तरुणपणी ते प्राथमिक शाळेत शिकवत. १९७० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला आणि १९७३ साली मुलांसोबत गोष्टी रचण्याच्या युक्त्यांवर त्यांचे पुस्तक आले. त्यातली एक युक्ती अगदी साधी आहे. एक मूल फळ्याच्या पुढच्या बाजूला शब्द लिहिते, दुसरे मागच्या बाजूला, एकमेकांना न दाखवता. मग ते दोन शब्द समोरासमोर आणायचे. घोडा आणि कुत्रा अशी जोडी फारशी कामाची नाही, कारण ते आधीच एकमेकांच्या ओळखीचे. रोदारींनी कुत्रा आणि कपाट यांचे उदाहरण दिले आहे.

आमच्याकडे तसा फळा नव्हता. दोन वाट्यांत चिठ्ठ्या टाकल्या. एकीतून बकरी निघाली, दुसरीतून कपाट.

इथे आपले व्याकरण कामी आले. विभक्तीचे प्रत्यय म्हणजे पाठांतराची शिक्षा, असेच मुलांना वाटते. आम्ही फळ्यावर लिहीत गेलो: कपाटात बकरी. कपाटावर बकरी. कपाटामागची बकरी. बकरीसाठी कपाट. बकरीचे कपाट. या शेवटच्या जोडीवर एक मुलगा लगेच म्हणाला, “त्यात ती ठेवणार काय?” दुसरा म्हणाला, “ईदच्या आधी आणलेली असेल, तर स्वतःच लपून बसेल!” प्रत्यय बदलला की गोष्ट बदलते, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

एक मुलगी मात्र तारीख घालून बसून राहिली होती. सहावीत शिकते, मराठी माध्यमात; घरी बोलणे दखनीत. आम्ही तिला म्हटले, लिहू नकोस, सांग. तिने सांगितली ती गोष्ट अशी: बकरी नानीच्या कपाटात शिरते आणि रेशनकार्ड खाऊन टाकते. नानी बकरीलाच घेऊन रेशन ऑफिसात जाते. साहेब म्हणतात, कार्ड दाखवा. नानी म्हणते, “ये देखो, इसके पेट में है.” साहेब बराच वेळ विचार करतात आणि नव्या कार्डावर बकरीचेही नाव घालतात.

खोलीभर हशा पिकला. मग तिने हळूच विचारले, “पण सर, नानी मराठी बोलत नाही. लिहू कसे?” आम्ही म्हणालो, बोलते तसेच लिही. तिने लिहिले. आणि आमची जुनी खोड बघा, वही हातात येताच लाल पेन नानीच्या वाक्याकडे वळले. मुलीने वही ओढून घेतली. आम्ही पेन खिशात घातले. बाकीचे ऱ्हस्व-दीर्घ तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसून नीट केले. नानीचे वाक्य तसेच राहिले.

एका मुलाच्या अब्बांनी विचारले, “असल्या गोष्टींना मार्क मिळतात का?” प्रश्न रास्त आहे. दहावीच्या मराठीत कथालेखन येते. तिथे मांडणी लागते, शीर्षक लागते, शुद्धलेखन लागते. ते सराव करून येते. पण ज्या मुलाला दहावीपर्यंत आपल्या घरातले एक माणूसही गोष्टीत आणता आलेले नाही, त्याच्याकडे मांडायला असणार काय?

सगळेच खेळ जमले असे नाही. प्रत्येकाने दोन ओळी लिहून कागद पुढे द्यायचा, हा खेळ आम्ही मोठ्या हौसेने सुरू केला. दुसऱ्याच फेरीत कोणीतरी पिस्तूल आणले आणि सगळी पात्रे मेली.

घरी करण्यासारखा, अगदी लहानांसाठी एक खेळ आहे: माहीत असलेली गोष्ट मुद्दाम चुकवून सांगणे. हाही रोदारींचाच. म्हातारी भोपळ्यात नाही, कलिंगडात बसली म्हणा. चार वर्षांचे पोरही ओरडून तुम्हाला थांबवते. थांबू नका. कलिंगड फुटले तर पुढे काय, हे त्यालाच विचारा. दादी-नानींना हे आपल्यापेक्षा चांगले जमते, फक्त मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. (आम्हालाही.)

शेवटच्या दिवशी वाट्यांतून निघालेली जोडी होती सायकल आणि दादाजींची कवळी. वेळ संपला, लिहायचे राहून गेले. तुमच्या घरात कोणी लिहिले, तर आमच्याकडे पाठवा. दुरुस्त न करता.